घराण्याचा ताबा, कारखान्याचे कर्ज

नव्वदच्या दशकात पणजीच्या रस्त्यांवर आणि कळंगुटच्या बाजूला पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या दुचाक्यांच्या रांगेत एक स्कूटर हमखास दिसत असे. तिला गिअर नव्हते, क्लच नव्हता. बटण दाबले की इंजिन सुरू होई. साडी नेसून शाळेला निघालेल्या शिक्षिकेपासून आयुष्यात प्रथमच हँडल हाती धरणाऱ्या पाहुण्यापर्यंत कोणालाही ती चालवता येई. तिचे नाव ‘कायनेटिक होंडा’. (आमच्या सत्तरीतील होंडा गावाशी तिचा काही संबंध नाही, हे लहानपणी काहींना बरेच उशिरा कळले.) तिचे मालक फिरोदिया पुण्याचे, म्हणून स्कूटरही पुण्याचीच असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात ती मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, पीथमपूर येथे तयार होत असे.

त्याच पीथमपूरपासून तासाभराच्या अंतरावर, इंदूर शहरात, ३१ मे २०२५ रोजी मेट्रो रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या त्रिशताब्दी जयंतीचा तो दिवस. या मेट्रोचे डबे फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीने बडोद्याजवळच्या सावली येथे बांधले आहेत. मात्र सावलीचा कारखाना मुळात अल्स्टॉमचा नव्हे. तो उभारला कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने, आणि डब्यांच्या बनावटीचे ‘मोव्हिया’ हे नावही त्याच कंपनीचे. रेल्वेचे डबे आणि विमाने या दोन्ही गोष्टी बनवणाऱ्या जगातील मोजक्या कंपन्यांपैकी ती एक होती. आज ती डबे बनवत नाही आणि प्रवासी विमानेही बनवत नाही.

पीथमपूरची स्कूटर आणि मॉन्ट्रियलचे विमान यांची आकाराने तुलना होऊ शकत नाही. परंतु दोन्ही उद्योग एकेका कुटुंबाच्या ताब्यात होते, दोन्ही पैशाच्या अडचणीत आले आणि दोन्हींनी आपले महत्त्वाचे अवयव परक्यांना विकून मार्ग काढला. घराण्याच्या ताब्यातील कारखान्यांवर ही वेळ का येते आणि ती आल्यावर कारखान्याचे, कामगाराचे आणि नावाचे काय होते, हे समजून घेण्यास धार आणि देवास या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला देवास ठाऊक असते ते कुमार गंधर्वांमुळे. धार आणि देवास ही दोन्ही मुळात पवारांची, म्हणजे मराठ्यांच्या माळव्यावरील स्वाऱ्यांतून उभी राहिलेली संस्थाने. त्यांतही देवासची गोष्ट और आहे. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी राज्य वाटून घेतल्याने तेथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली; एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी सचिव होता आणि त्याने पुढे या दरबारावर पुस्तकही लिहिले. ते महाराज, तिसरे तुकोजीराव, १९३०च्या दशकाच्या प्रारंभी राज्याचा खजिना रिता झाल्यावर इंग्रजांचा हस्तक्षेप टाळण्यासाठी फ्रेंच अमलातील पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. सत्ता घराण्याकडे आणि कर्ज मात्र सर्वांच्या माथी, ही अडचण या भूमीला नवीन नाही.

स्वातंत्र्यानंतर येथे राजांची जागा कारखानदारांनी घेतली. धार जिल्हा औद्योगिकदृष्ट्या मागास म्हणून गणला गेल्याने येथे कारखाना काढणाऱ्यांना सवलती मिळत. इंदूरची बाजारपेठ हाताशी, मुंबई-आग्रा महामार्ग जवळ, जमीन मुबलक. १९८०च्या दशकात पीथमपूरला वाहनउद्योग एकामागून एक येऊ लागले. कायनेटिक होंडा आली, आयशरचे ट्रक आले, बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने कारखाना काढला, बजाज टेम्पो आली. ‘भारताचे डेट्रॉइट’ ही पदवी पीथमपूरला त्याच काळात चिकटली. अमेरिकेतील डेट्रॉइटचे पुढे जे झाले ते पाहता ही पदवी जपून वापरावी असे आम्हास वाटते, पण तेथील पाट्यांवरून ती अजून उतरलेली नाही.

यांतील कायनेटिक आणि बजाज टेम्पो यांचे मूळ एकाच घरात आहे. अहमदनगरचे वकील आणि मुंबई विधानसभेचे सभापती कुंदनमल फिरोदिया यांचे दोन पुत्र: नवलमल आणि हस्तीमल. नवलमल यांनी बजाज टेम्पो उभी केली. तीच आजची फोर्स मोटर्स. हस्तीमल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी नगरला कायनेटिक इंजिनिअरिंग काढली आणि ‘लूना’ ही मोपेड घराघरांत नेली. पुढे दोन्ही शाखांचे कारखाने पीथमपुरात आले. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची आठवण व्हावी, अशीच ही योजना.

लूनामागे इटलीच्या पियाजिओची रचना होती, कायनेटिक होंडामागे जपानच्या होंडाची. हस्तीमल यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी झाली. स्कूटरच्या मागच्या चाकाकडे जाणारा पट्टा ज्या कप्प्यांवरून फिरतो त्यांचा परिणामी व्यास वेगानुसार आपोआप बदलतो आणि चालकाला गिअर बदलावा लागत नाही, ही ‘व्हेरिएटर’ची युक्ती भारतीय रस्त्यावर सर्वसामान्यांच्या हाती प्रथम मोठ्या प्रमाणावर आली ती या स्कूटरमुळे. ज्या काळात स्कूटर आडवी करून, पेट्रोल वर चढवून, मग किक मारावी लागे, त्या काळात बटणाने सुरू होणारी स्कूटर म्हणजे केवढे अप्रूप होते, हे आजच्या पिढीला सांगून पटायचे नाही.

मात्र या यशाच्या पायातच दोन उणिवा होत्या. इंजिन दोन-स्ट्रोकचे होते. ते पेट्रोल अधिक पिई आणि धूरही अधिक सोडी. तिकडे होंडानेच दुसऱ्या भागीदाराबरोबर, म्हणजे हीरोबरोबर, चार-स्ट्रोकच्या मोटारसायकली बाजारात आणल्या होत्या आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते या एकाच प्रश्नावर नव्वदच्या दशकातला ग्राहक स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळत होता. १९९६ आणि २००० सालच्या प्रदूषणविषयक निकषांनी दोन-स्ट्रोकचे दिवस भरत आणले. दुसरी उणीव अधिक खोल. कारखाना फिरोदियांचा होता, पण स्कूटरची मूळ विद्या होंडाची होती. १९९८ मध्ये भागीदारी संपली. होंडाचा हिस्सा फिरोदियांनी विकत घेतला आणि कंपनी ‘कायनेटिक मोटर’ झाली. घराण्याच्या दृष्टीने हा विजयच होता. संपूर्ण ताबा हाती आला. पण होंडाने लगोलग भारतात स्वतःची कंपनी स्थापन केली आणि २००१ साली ‘ॲक्टिव्हा’ आणली. गिअर नसलेली, बटणाने सुरू होणारी, पण चार-स्ट्रोकची. कायनेटिकने पंधरा वर्षे मशागत करून तयार केलेले शेत दुसऱ्याने कापून नेले, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक म्हणता येणार नाही.

पुढची दहा वर्षे कायनेटिकने नवी विद्या मिळवण्यासाठी धडपड केली. कोरियाच्या ह्योसंगशी करार करून मोठ्या मोटारसायकली आणल्या, इटलीच्या इटालजेटच्या स्कूटरांचे आराखडे विकत घेतले, तैवानच्या एसवायएमशी हातमिळवणी केली. प्रत्येक करारामागे साचे, यंत्रे, जाहिराती आणि विक्रेत्यांचे जाळे यांवर नवा खर्च आला. विक्री मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. तोटा साचत गेला. अखेर २००८ मध्ये कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय महिंद्र अँड महिंद्रने सुमारे ११० कोटी रुपयांना घेतला. नव्या कंपनीत महिंद्रचा वाटा ८० टक्के आणि कायनेटिकचा २०. पुढे तो वाटाही कायनेटिकने विकला.

येथे थोडे थांबून पैशाचा हिशेब पाहू. कारखान्याला नव्या उत्पादनासाठी भांडवल लागते तेव्हा दोन वाटा असतात. एक, नवे समभाग काढून लोकांकडून पैसा घ्यायचा. यात व्याज नाही, पण भागीदार वाढतात आणि घराण्याचा टक्का घटतो. दुसरी, बँकांकडून कर्ज घ्यायचे. यात टक्का शाबूत राहतो, पण गाडी विकली जावो अथवा न जावो, दर तिमाहीला व्याज भरावे लागते. ज्याला ताबा सोडायचा नाही त्याचा कल साहजिकच दुसऱ्या वाटेकडे असतो. धंदा तेजीत असताना ही वाट शहाणपणाची दिसते. उत्पादन रखडले की तीच गळफास होते.

ताबा टिकवण्याची तिसरी, अधिक चतुर युक्ती म्हणजे मतांची असमान वाटणी. एक कल्पित उदाहरण घेऊ. कंपनीचे शंभर समभाग आहेत; त्यांतील पंधरा घराण्याकडे. घराण्याच्या प्रत्येक समभागाला दहा मते आणि इतरांच्या प्रत्येकाला एक, असा नियम केला तर घराण्याची मते होतात दीडशे आणि बाकी सर्वांची मिळून पंच्याऐंशी. पैसा पंधरा टक्के, सत्ता जवळपास चौसष्ट टक्के. आपल्याकडे कंपनी कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन असमान मताधिकाराच्या समभागांना वाट मिळाली आणि टाटा मोटर्सने २००८ मध्ये तसे समभाग काढले. पण भारतीय घराण्यांची पसंती सहसा वेगळ्या पद्धतीला असते. एका कंपनीने दुसरीचे समभाग धरायचे, दुसरीने तिसरीचे, आणि सर्वांत वर कुटुंबाची एखादी खाजगी गुंतवणूक कंपनी.

बॉम्बार्डियरमध्ये मात्र नेमका दहा मतांचाच नियम आहे. १९४२ साली क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या लहान गावात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर यांनी बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा कारखाना काढला. १९६४ मध्ये ते वारले आणि दोनच वर्षांत सूत्रे जावई लॉराँ बोदवाँ यांच्याकडे आली. या जावयाने सासऱ्याच्या कारखान्याचे जगड्व्याळ साम्राज्य केले. १९७४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मेट्रोचे काम मिळवले, १९८६ मध्ये सरकारी विमान कंपनी कॅनडेअर घेतली, मग बेलफास्टची शॉर्ट ब्रदर्स, अमेरिकेची लिअरजेट, टोरोंटोची डी हॅविलँड आणि २००१ मध्ये जर्मनीतील रेल्वे कंपनी अ‍ॅडट्रान्झ. बहुतेक कंपन्या अडचणीत असताना, स्वस्तात घेतलेल्या. आपल्याकडे स्पाइसजेटच्या पंखे असलेल्या ‘क्यू ४००’ विमानांतून ज्यांनी प्रवास केला, ते याच घराण्याच्या विमानात बसले होते.

घात झाला तो स्वतःचे, संपूर्ण नवे विमान बनवण्याच्या निर्णयाने. ‘सी सिरीज’ नावाच्या या विमानाची घोषणा २००८ मध्ये झाली. ते बोइंग आणि एअरबसच्या सर्वांत लहान विमानांशी स्पर्धा करणार होते. खर्चाचा आरंभीचा अंदाज साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो पाच अब्जांच्या वर गेला. २०१३ मध्ये प्रवाशांना घेऊन उडायचे विमान २०१६ मध्ये उडाले. विमान उत्तम होते, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात. पण ते तयार होईपर्यंत तिजोरी संपली. त्याच वेळी रेल्वे विभागात टोरोंटोच्या ट्रामगाड्यांसारखी कामे रखडली होती, म्हणजे ज्या हाताने दुसऱ्याला सावरायचे तोही हात दुखावलेला. लॉराँ बोदवाँ यांचे पुत्र पिएर हे २०१५ च्या फेब्रुवारीत मुख्य कार्यकारी पदावरून दूर झाले, परंतु अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

मग क्वेबेकच्या सरकारने जनतेचे एक अब्ज अमेरिकी डॉलर विमानाच्या प्रकल्पात घातले आणि प्रांताच्या निवृत्तिवेतन निधीने दीड अब्ज डॉलर देऊन रेल्वे विभागाचा ३० टक्के हिस्सा घेतला. सरकारने पैसा द्यायचा तर दहा मतांचा नियम मोडावा, अशी मागणी ओटावाच्या केंद्रीय सरकारमध्ये आणि वृत्तपत्रांत जोरात झाली. घराण्याने ती मानली नाही. घराण्याचा भांडवलातला वाटा पंधरा टक्क्यांहूनही कमी आणि मते निम्म्याहून अधिक होती. २०१७ मध्ये हजारो कामगारांना कमी केले जात असताना वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्यात मोठी वाढ जाहीर झाली, तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सी सिरीजमधील बहुमताचा हिस्सा एअरबसला देण्याचे ठरले. किंमत: एक डॉलर. तेच विमान आज ‘ए २२०’ नावाने उडते. त्यानंतर पंख्यांची विमाने विकली, लहान जेट विमानांचा कार्यक्रम जपानच्या मित्सुबिशीला विकला आणि जानेवारी २०२१ मध्ये रेल्वे विभाग अल्स्टॉमकडे गेला. इंदूरच्या मेट्रोच्या डब्यांवर अल्स्टॉमचे नाव आले ते असे. बॉम्बार्डियरकडे आता उरली आहेत धनिकांची खाजगी जेट विमाने, आणि घराण्याकडे दहा-दहा मते. विकत घेणाऱ्याचेही सारे सुरळीत झाले असे नव्हे. रखडलेल्या कामांचे ओझे अल्स्टॉमकडे आले आणि २०२४ मध्ये तिला भागधारकांकडून एक अब्ज युरो नव्याने उभे करावे लागले.

कायनेटिकने विद्या उसनी घेतली आणि ती परत गेल्यावर पोकळी उरली. बॉम्बार्डियरने विद्या स्वतः निर्माण केली आणि तिच्या खर्चाखाली ती दबली. दोन टोकांची ही कारणे. घराण्याचा ताबा हे दोन्हींचे मूळ कारण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ताबा विखुरलेला असता तर लॉराँ बोदवाँ यांना पन्नास वर्षांची दृष्टी ठेवता आली नसती आणि पुण्या-नगरच्या कुटुंबाने माळव्यात येऊन नव्या धर्तीच्या स्कूटरवर सारे पणाला लावले नसते. घराण्याच्या ताब्याचा परिणाम दिसतो तो वेळेवर. भांडवल आणणारा भागीदार कंपनी धडधाकट असताना शोधायचा असतो, कारण तेव्हा चांगला भाव मिळतो. पण ताबा ज्याला प्रिय आहे तो तेव्हा शोधत नाही. तो शोधू लागतो तेव्हा समोरच्याला ताळेबंद वाचता येत असतो. एका डॉलरची किंमत अशी ठरते.

मराठी मुलखात विमानाचे स्वप्न पाहणारा उद्योजक होऊन गेला आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने १९४२ पर्यंत त्यांचा हिस्सा विकत घेतला. आज आपण जिला हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणतो ती हीच. वालचंदांचा ताबा गेला, विमान राहिले.

आता पीथमपूरच्या कामगाराकडे येऊ. मालक बदलला की त्याचे काय होते? २००८ साली लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाचे कलम २५ एफएफ याचे उत्तर देते. उद्योग हस्तांतरित झाला तर कामगाराला नोटीस आणि छाटणीच्या भरपाईइतकी रक्कम मिळण्याचा हक्क आहे. मात्र नव्या मालकाकडे नोकरी अखंड चालू राहिली, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसल्या आणि पुढे छाटणी झाल्यास जुनी सेवाही मोजली जाणार असली, तर हा हक्क उद्भवत नाही. म्हणजे चालू कारखान्याची विक्री ही कामगाराच्या दृष्टीने बंद कारखान्याच्या लिलावापेक्षा केव्हाही बरी. खरा धोका असतो तो कंत्राटी मजुराला. तो कागदोपत्री कारखान्याचा नोकरच नसल्याने यातले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही.

त्याहून बिकट अवस्था सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकाची. पीथमपूर-देवास पट्ट्यात एक लेथ, दोन प्रेस आणि दहा माणसे यांवर चालणारे कितीतरी कारखाने आहेत. मोठी कंपनी अडचणीत आली की सर्वांत आधी यांची देयके अडकतात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण ज्या एकाच गिऱ्हाइकावर आपले पोट आहे त्याच्यावर दावा ठोकायचा कोणी? आणि कंपनी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली गेलीच, तर अवसायनाच्या रांगेत हा पुरवठादार बँकांच्या बराच मागे उभा असतो. घराण्याच्या ताब्याची खरी किंमत अनेकदा असा माणूस भरतो, ज्याला त्या कंपनीत एकही मत नसते.

ताब्याचा तंटा कर्जाशिवायही होऊ शकतो. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा जुना कारखाना आहे. किर्लोस्कर घराण्यात २००९ च्या कौटुंबिक कराराच्या अर्थावरून वाद होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. पंपांचा धंदा त्याने थांबला नाही. फिरोदियांच्या थोरल्या शाखेची फोर्स मोटर्सही पीथमपुरात ‘ट्रॅव्हलर’ गाड्या बनवत आहे. तेव्हा घराण्याचा कारखाना म्हणजे बुडणाराच, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

कायनेटिकच्या त्या जुन्या कारखान्यात महिंद्रने काही वर्षे स्कूटर आणि मोटारसायकली काढून पाहिल्या. ड्युरो, रोडिओ, सेंच्युरो, गस्टो. नावे बरीच झाली, बाजारात पाय रोवला नाही. २०१८ पासून महिंद्रचे भांडवल असलेल्या क्लासिक लेजंड्सच्या ‘जावा’ मोटारसायकली पीथमपुरात बनू लागल्या आणि २०२२ च्या जानेवारीत ‘येझदी’ आली. ही दोन्ही नावेसुद्धा एका घराण्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातून आलेली. म्हैसूरची आयडियल जावा ही इराणी कुटुंबाची कंपनी १९९६ मध्ये बंद झाली. त्याच कुटुंबातील बोमन इराणी हे क्लासिक लेजंड्सचे सहसंस्थापक. येझदी हे नाव कुटुंबाचे, की बंद पडलेल्या कंपनीचे आणि म्हणून तिच्या देणेकऱ्यांचे, यावर कर्नाटक उच्च न्यायालयात वाद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये एकल न्यायमूर्तींनी ते कंपनीचे ठरवून लिलावाचा आदेश दिला आणि त्याविरुद्ध अपील झाले.

फिरोदियांच्या धाकट्या शाखेने २०२४ मध्ये विजेवर चालणारी लूना आणली आणि जुलै २०२५ मध्ये कायनेटिकची ‘डीएक्स’ स्कूटर पुन्हा बाजारात आली. यावेळी पेट्रोलऐवजी बॅटरीवर आणि होंडाच्या नावाविना. ती पीथमपूरला बनत नाही. ती बनते अहिल्यानगरला, म्हणजे जेथे हस्तीमल फिरोदियांनी पहिली लूना काढली त्या गावी.